मस्तकी अर्ध्याच बेटावर का पिकते? पिर्गी गावाची उकल

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ मागितली, तर दुकानदार वरच्या फळीवरची छोटी बरणी उतरवतो. आत एका झाडाच्या वाळलेल्या राळेचे पिवळसर, अर्धपारदर्शक खडे असतात. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. किलोने कोणी घेत नाही. ग्रॅमवर विकली जाते आणि भाव ऐकून नवखं गिऱ्हाईक दचकतंच. युनानी हकिमांची ‘जवारिश मस्तगी’ याच खड्यांपासून होते. पोट बिघडलं, अन्न पचेनासं झालं की ती द्यायची, ही पद्धत जुनी.

हे खडे अस्सल असतील, तर ते कुठून आले हे डोळे मिटून सांगता येतं. ग्रीसमध्ये खिओस नावाचं बेट आहे. त्या बेटाच्या फक्त दक्षिण भागात चोवीस गावं मस्तकी पिकवतात. त्यांतलं सगळ्यात मोठं जुनं गाव पिर्गी. मोठं म्हणजे किती? वस्ती हजाराच्या आत.

गंमत अशी, की मस्तकीचं झुडूप काही दुर्मीळ नाही. भूमध्य समुद्राच्या भोवती स्पेनपासून सीरियापर्यंत ते रानोमाळ उगवतं. खिओसच्या उत्तर भागातही आहे. मग राळ मिळते ती या मूठभर गावांतच, असं का? या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की झाडापाशी सुरुवात होते आणि तिथून किल्ला, कंपनी सरकार, कत्तल, सहकारी संस्था अशी बरीच वळणं लागतात. एकेक घेऊ.

आधी झाड

खिओस हे एजियन समुद्रातलं सुमारे ८४० चौरस किलोमीटरचं बेट. ग्रीसच्या बेटांत आकाराने पाचवं. नकाशात पाहिलं तर अथेन्स लांब राहतं आणि तुर्कस्तानचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो. दक्षिणेकडची जमीन डोंगराळ, कोरडी, चुनखडीची. उन्हाळ्यात तिथे पावसाचा थेंब पडत नाही, आणि पडू नये अशीच प्रार्थना असते. कारण पुढे येईल.

झाड पिस्त्याच्या कुळातलं. शास्त्रीय नाव पिस्टासिया लेंटिस्कस; खिओसच्या जातीला त्यापुढे ‘किआ’ लावतात. दोन-तीन मीटर उंच, बारमाही हिरवं, वाकड्यातिकड्या खोडाचं. पाहणाऱ्याला ‘हेच ते?’ असं वाटावं इतकं साधं. नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. राळ नर झाडांपासून जास्त आणि चांगली मिळते, म्हणून बागेत जवळपास सगळी नर झाडंच. ती बियांपासून वाढवत नाहीत, चांगल्या झाडाची फांदी तोडून लावतात. लावल्यावर पाच-सहा वर्षं काही मागायचं नाही. भर यायला पंधरा वर्षं लागतात. पुढे झाड शंभर वर्षंही जगतं.

एवढं करून एका झाडापासून वर्षाला मिळतं काय? सरासरी दीडशे ते एकशेऐंशी ग्रॅम. एका वाटीत मावेल इतकं.

आता राळ म्हणजे काय ते पाहू, कारण डिंक आणि राळ यांत आपली नेहमी गल्लत होते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. राळ विरघळत नाही. तिला तेल किंवा मद्यार्क लागतो. झाडाच्या सालीत राळेच्या बारीक नळ्या असतात. सालीला जखम झाली की त्यातून चिकट द्रव बाहेर येतो, हवेत घट्ट होतो आणि जखम बुजवतो. कीड, बुरशी आत शिरू नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. मस्तकीच्या राळेत एक सुगंधी तेल असतं, त्यात मुख्य घटक पाइनीन, म्हणूनच तिला देवदाराची आठवण करून देणारा वास येतो. आणि त्यात एक नैसर्गिक बहुवारिकही (पॉलिमर) असतं, रबरासारख्या लांब साखळ्यांचं. त्यामुळे मस्तकी दातांखाली आधी भुगा होते, थोडी कडवट लागते, आणि मिनिटाभरात मऊ होऊन चघळता येते. जगातलं सगळ्यात जुनं च्युइंगम म्हणतात ते हेच. पाण्यात विरघळत नसल्यामुळे तासभर चघळलं तरी ते तोंडात टिकून राहतं.

मग हात

झाड आपणहून थोडी राळ सोडतं, पण तेवढ्यावर गाव जगत नाही. जखम करावी लागते, आणि ती कशी, कधी, किती खोल करायची यातच सगळी विद्या आहे.

जूनमध्ये झाडाखालची जमीन खरवडून, झाडून, अगदी अंगणासारखी सपाट करतात. त्यावर पांढऱ्या मातीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी चाळून पसरतात. खोडाभोवती एक पांढरंशुभ्र वर्तुळ तयार होतं. राळ थेंब थेंब खाली पडणार. ती मातीत पडली तर चिकटून काळी होईल, या भुकटीवर पडली तर स्वच्छ राहील आणि लवकर वाळेल.

जुलैत ‘केंदिमा’, म्हणजे चिरा मारणं, सुरू होतं. हातात एक लहान टोकदार लोखंडी हत्यार. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, माणूस झाडाखाली गुडघ्यांवर बसतो, कधी चक्क आडवा होतो, कारण फांद्या जमिनीलगत असतात. खोडाच्या बुडापासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. एकेक चीर चार-पाच मिलिमीटर खोल, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद. खोल गेली तर लाकूड दुखावतं, उथळ राहिली तर राळेची नळीच सापडत नाही. हात सालीवरून फिरवून आत काय आहे ते ओळखावं लागतं. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा आठवडे, दर वेळी नव्या जागी. झाडाच्या वयानुसार हंगामभरात वीसपासून शंभरपर्यंत चिरा. लोभ करून जास्त मारल्या तर त्या वर्षी राळ मिळते, पण पुढची काही वर्षं झाड मलूल होतं. बाप मुलाला आधी शिकवतो ते कुठे मारायचं हे नव्हे, कुठे थांबायचं हे.

चिरेतून द्रव आला की काही थेंब खोडावरच गोठतात, काही खाली पडतात. घट्ट व्हायला पंधरा ते वीस दिवस. ऑगस्टच्या मध्यावर पहिली वेचणी. नंतर पुन्हा चिरा, आणि सप्टेंबरात दुसरी वेचणी. या काळात पाऊस आला तर घात. भिजलेली मस्तकी पांढरट, गढूळ होते, तिचा भाव पडतो. वाळत घातलेल्या द्राक्षांवर अवकाळी पडला की बेदाण्याचं जे होतं, तेच.

वेचलेला माल म्हणजे राळ कमी आणि पाला, माती, भुकटी जास्त. तो चाळायचा, थंड पाण्यात साबण घालून धुवायचा, घरातच पसरून सुकवायचा. गरम पाणी चालत नाही, राळ मऊ होऊन एकमेकांना चिकटते. आणि मग हिवाळाभर चालणारं काम: एकेक खडा हातात घेऊन बारीक सुरीच्या टोकाने त्यावरची घाण काढणं. हे काम बायकांचं. गल्लीतल्या चार-सहा जणी एकीच्या घरी जमतात, मध्ये टेबल, टेबलावर खड्यांचा ढीग, आणि गप्पा. आजी, सून, शेजारीण. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या घरी. मजुरी कोणी कोणाला देत नाही, सावड चालते. त्याच दिवसांत पुरुष बागेत खत आणि छाटणी बघतात.

या सगळ्यात यंत्र कुठे आलं? जवळपास कुठेच नाही. जमीन डोंगरउताराची, झाडं वाकडी, चिरा डोळ्यांनी ठरवायच्या. यंत्राने साल सोलली तर झाडच जाईल.

‘इथेच का’ याचं खरं उत्तर

गावात विचारलं तर संत इसिदोरोसची कथा सांगतील. रोमन सम्राट डेशियसच्या काळात, इसवी सन २५१ मध्ये, ख्रिस्ती धर्म सोडत नाही म्हणून या सैनिकाचे खिओसवर हाल झाले. त्याला फरपटत बेटाच्या दक्षिणेकडे नेलं आणि ते पाहून तिकडची झाडं रडू लागली. दक्षिणच का, तेही कथेत नीट बसवलेलं आहे. अडचण एवढीच, की डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने त्याआधी सुमारे दोनशे वर्षं, पहिल्या शतकातच, सगळ्यात उत्तम मस्तकी खिओसची असं लिहून ठेवलंय. झाडं आधीपासूनच रडत होती.

शास्त्रज्ञ माती, हवा, चुनखडी, उन्हाळ्याचा कोरडेपणा, समुद्रावरून येणारा वारा अशी कारणं देतात, आणि ती खोटी नाहीत. पण निव्वळ हवामान म्हणावं तर समोरच्या तुर्की किनाऱ्यावर चेश्मेतही जवळपास तेच आहे. तिथे मस्तकीची लागवड करण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि झाडं जगतातही. खिओसचं झाड ही वेगळी जात म्हणावी की नाही, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

मला पटतं ते असं: शेकडो वर्षं गावकऱ्यांनी जास्त राळ देणारं नर झाड निवडलं, त्याचीच फांदी लावली, त्या फांदीच्या झाडातून पुन्हा निवडलं. आज बागेत दिसतं ते झाड निसर्गाने जितकं घडवलंय तितकंच माणसाने. त्यावर चिरा मारणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. आणि या दोहोंभोवती सत्ता व कायद्याचं कुंपण पडलं. ते कुंपण कसं पडलं, हे पिर्गीच्या गल्ल्यांतून चालताना आजही दिसतं.

कंपनी सरकार, ईस्ट इंडियाच्या अडीचशे वर्षं आधी

मस्तकीचा व्यापार आधी बायझंटाइन सम्राटांच्या ताब्यात होता. १३४६ मध्ये जिनोआ या इटलीतल्या व्यापारी शहर-राज्याच्या सिमोने विन्योसो नावाच्या सरदाराने खिओस जिंकलं. जिनोआच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट होता, म्हणून या मोहिमेच्या गलबतांना खाजगी जहाजमालकांनी पैसा पुरवला होता. विजय मिळाला, पण जिनोआला त्यांचे पैसे फेडता येईनात. मग तोडगा निघाला: बेटाचं उत्पन्न तुम्हीच घ्या. या सावकारांच्या मंडळीला ‘माओना’ म्हणत. पुढे त्यातल्या भागधारकांनी जुस्तिनियानी हे एकच आडनाव घेतलं आणि १५६६ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं, बेटाचा कारभार एका कंपनीसारखा चालवला. भाग विकत घेता येत, वारशाने जात, त्यांवर नफा वाटला जाई. भारतात ‘कंपनी सरकार’ आलं ते बरंच नंतर. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच १६०० ची.

या कंपनीचा मुख्य माल मस्तकी. ती पूर्ण मक्तेदारीत होती. शेतकऱ्याने पिकवायची आणि ठरल्या भावाने कंपनीलाच द्यायची. भाव पडू नये म्हणून बाजारात किती सोडायची तेही कंपनी ठरवी. चोरीला शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणे वाढत जाई: थोडी सापडली तर फटके, जास्त सापडली तर कान किंवा नाक, त्याहून जास्त तर फास.

आता गावाची रचना पाहा. पिर्गी, मेस्ता, ओलिंपी ही गावं याच काळात तटबंद झाली. पण वेगळा तट बांधलेला नाही; गावाच्या कडेची घरं एकमेकांना जोडून बांधली आणि त्यांच्या पाठीच्या भिंती हाच तट. त्या भिंतींना बाहेरच्या बाजूला ना दार ना खिडकी. आत शिरायला मोजक्या वेशी, त्या रात्री बंद. गल्ल्या इतक्या अरुंद, की ओझं लादलेलं गाढव आलं तर माणसाने दारात शिरावं. डोक्यावर ठिकठिकाणी दगडी कमानी, समोरासमोरची घरं जोडणाऱ्या. तळमजल्यावर जनावरं आणि कोठार, वर माणसं. धाब्याची छपरं साधारण एका उंचीची, एकमेकांना भिडलेली. गावाच्या मधोमध भक्कम बुरूज. चाचे वेशीतून आत घुसलेच, तर गल्लीतल्या चक्रव्यूहात ते चाचपडत राहणार आणि गावकरी वरच्या वर, छपरांवरून पळत बुरूज गाठणार.

पुस्तकांत हे सगळं चाच्यांपासून संरक्षण म्हणून सांगतात. खरंच आहे ते. पण ज्या गावाला दोन-तीनच वेशी आहेत आणि त्या रात्री बंद होतात, तिथे आतला माल बाहेर जाणंही तितकंच अवघड. मक्तेदाराला याहून सोयीचं गाव मिळालं नसतं.

पिर्गीचा बुरूज आज पडझड झालेल्या अवस्थेत उभा आहे, साधारण अठरा मीटर. गावाची कड नंतरच्या बांधकामात बुजली. तटाच्या घरांची मूळ आखणी पाहायची असेल तर मेस्ताला जावं, तिथे ती जवळपास अखंड आहे. मात्र तिथला मधला बुरूज एकोणिसाव्या शतकात पाडून त्या जागी चर्च बांधलं. पिर्गीत चौकाजवळ एका बोळातून आत गेलं की विटांचं छोटंसं जुनं चर्च लागतं, पवित्र प्रेषितांचं. ते बेटावरच्याच ‘नेआ मोनी’ या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध मठाच्या धर्तीवर बांधलंय. आतली भित्तिचित्रं १६६५ ची.

जाता जाता कोलंबस. हा जिनोआचाच माणूस. १४९३ च्या आपल्या पत्रात तो कळवतो, की नव्या प्रदेशात मस्तकी सापडली, जी आजवर फक्त ग्रीसमधल्या खिओसवर मिळे आणि जिनोआचं सरकार हव्या त्या भावाला विकत असे. त्याने पाहिलं ते झाड दुसरंच होतं. पण स्पेनच्या राजाराणीला भुरळ घालायला सोन्याच्या बरोबरीने त्याला मस्तकीचं नाव सुचलं, यावरून तिचा भाव समजतो. पिर्गीत एक घर ‘कोलंबस इथे राहिला होता’ म्हणून दाखवतात. पुराव्याचं मात्र विचारू नये.

सुलतानाचा लाडका माल

१५६६ मध्ये ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानाचं आरमार आलं आणि कंपनी गेली. मस्तकीवरची पकड मात्र तशीच राहिली, फक्त मालक बदलला. गावांनी ठराविक वजनाची मस्तकी सुलतानाला द्यायची, बदल्यात काही करांतून सूट आणि कारभारात थोडी मोकळीक. इस्तंबूलच्या जनानखान्यात मस्तकीचं वेड होतं: चघळायला, सरबतात, मिठाईत. तुर्की भाषेत बेटाचं नावच ‘साकिझ’, म्हणजे चघळायचा डिंक.

१८२२ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध बेटावर येऊन थडकलं आणि ऑटोमन फौजेने खिओसवर भयंकर कत्तल केली. हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. सुरुवातीला मस्तकीच्या गावांना हात लावला नाही; सोन्याची अंडी देणारी कोंबडी कोण मारणार! पण जूनमध्ये कनारिस या ग्रीक दर्यावर्द्याने पेटती नाव नेऊन ऑटोमन सेनापतीचं जहाज उडवलं. त्याचा सूड दक्षिणेवर उगवला आणि मस्तकीची गावंही त्यातून सुटली नाहीत. पुढे १८८१ च्या भूकंपात बेटावर पुन्हा हजारोंनी माणसं गेली. १९१२ मध्ये खिओस ग्रीसमध्ये आलं.

१९३८: शेतकऱ्यांची स्वतःची मक्तेदारी

सुलतान गेला तशी हमीची खरेदीही गेली. आता दलाल आणि व्यापारी. प्रत्येक शेतकरी एकटा, माल हंगामात एकदम येणार, घरात पैसा हवा. मग पडेल त्या भावाला विकायचं. हे कथानक आपल्याकडे कांदा-कापसाच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगायला नको. तिसाच्या दशकात भाव असे कोसळले, की माल गोदामात पडून राहू लागला.

१९३८ मध्ये कायदा करून खिओस मस्तकी उत्पादक संघ स्थापन झाला. गावोगावच्या वीस प्राथमिक सहकारी संस्था आणि त्यांच्यावर हा संघ. मुद्दा असा, की हा सहकार ऐच्छिक नव्हता. मस्तकी पिकवता ना, मग सभासद व्हावंच लागेल आणि सगळा माल संघालाच द्यावा लागेल. बाहेर परस्पर विकायचा नाही. संघ माल धुऊन, निवडून, प्रतवारी करून विकतो. आज साडेचार हजारांच्या आसपास उत्पादक या व्यवस्थेत आहेत.

म्हणजे जिनोआच्या सावकारांनी नाककान कापून जी मक्तेदारी राखली, तीच शेतकऱ्यांनी कायद्याने स्वतःच्या नावावर करून घेतली. सक्तीचा सहकार ऐकायला कडवट वाटतो, युरोपच्या खुल्या बाजाराच्या काळात त्यावर टीकाही होते. पण जगात दुसरीकडे जवळपास न मिळणारा माल हजारो लहान शेतकऱ्यांच्या हातात असेल, तर त्यांनी एकमेकांशी स्पर्धा करून भाव पाडणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. मला ही सक्ती रास्त वाटते.

२००० नंतर संघाने आणखी एक गोष्ट केली. नुसते खडे निर्यात करायचे, साबण-मिठाई-औषध दुसऱ्यांनी करायचं आणि नफा त्यांचा, हे गणित बदलायचं ठरवून मस्तकीच्या वस्तूंची स्वतःची दुकानं काढली.

शिक्के तीन, अर्थ वेगवेगळे

मस्तकीवर लिहिताना लोक ‘युनेस्कोने मान्यता दिलेली’, ‘युरोपने औषध ठरवलेली’ असं बिनधास्त ठोकून देतात. प्रत्यक्षात हे तीन वेगळे शिक्के आहेत.

पहिला १९९७ चा, युरोपीय संघाचा. ‘खिओसची मस्तकी’ हे नाव फक्त तिथे पिकलेल्या आणि तिथेच तयार झालेल्या मालाला लावता येईल. रत्नागिरी-देवगडच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातीचा हा प्रकार. तो नावाचं रक्षण करतो, औषधी गुणाची हमी देत नाही.

दुसरा २०१४ चा, युनेस्कोचा. यात राळ नाही, झाड नाही, गावही नाही. अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवलं गेलं ते मस्तकी पिकवण्याचं ज्ञान: चीर मारण्याची पद्धत, हिवाळ्यात एकत्र बसून खडे साफ करणं, थोरांनी लहानांना शिकवणं. बेटावरचा नेआ मोनी मठ १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहे. ती यादी वास्तू आणि स्थळांची, ही माणसांच्या सवयींची. वास्तू कुलूप लावून जपता येते. ही दुसरी गोष्ट लोक ती करत राहिले तरच असते.

तिसरा २०१५ चा, युरोपीय औषध संस्थेचा. सौम्य अपचन आणि त्वचेची किरकोळ जळजळ यांसाठी ‘पारंपरिक वनौषधी’ म्हणून मस्तकी मान्य झाली. ‘पारंपरिक’ हा शब्द इथे कळीचा: दीर्घकाळ वापरात आहे आणि अपाय दिसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ, मोठ्या चाचण्यांतून गुण सिद्ध झाला, असा नव्हे. १९९८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छोटं टिपण आलं, की पोटातल्या अल्सरच्या जिवाणूंना मस्तकी मारते. पण ते प्रयोगशाळेतल्या बशीत. माणसांवरच्या नंतरच्या लहान चाचण्यांचे निकाल उलटसुलट आले. तेव्हा अल्सर असेल तर डॉक्टरांकडे जावं.

काळ्या-पांढऱ्या भिंती

पिर्गीत पाऊल ठेवल्यावर मस्तकी दिसत नाही, दिसतात भिंती. चौकातली घरं, सज्जांचे तळ, कमानी, सगळीकडे काळ्या-पांढऱ्या त्रिकोण-चौकोन-वर्तुळांची नक्षी. हिला ‘क्सिस्ता’ म्हणतात. खिओसच्या इतर गावांत ती तुरळक आहे, पिर्गीत मात्र रस्तेच्या रस्ते भरलेत.

पाहिल्यावर रंगवलेली वाटते, पण रंग नसतो. भिंतीला काळपट वाळूचा गिलावा देतात. त्यावर चुन्याची पांढरी निवळी. तो थर पुरता वाळायच्या आत गवंडी दोरी आणि कंपासने आडवे पट्टे आखतो, पट्ट्यांत आकृत्या, आणि मग दोन दातांच्या काट्यासारख्या हत्याराने हव्या त्या जागेवरचा चुना खरवडून काढतो. खालची काळी वाळू उघडी पडते. काळं म्हणजे खरवडलेलं, पांढरं म्हणजे ठेवलेलं. चूक झाली तर खोडता येत नाही, तो तुकडा पुन्हा गिलावा करूनच दुरुस्त होतो. थर ओला असेपर्यंतच काम करायचं असल्यामुळे एका वेळी भिंतीचा थोडाच भाग घेतात.

ही कला आली कुठून? इटलीत अशीच खरवडकाम असलेली घरं आहेत, म्हणून बरेच जण श्रेय जिनोआवाल्यांना देतात. काहींच्या मते ती कॉन्स्टँटिनोपलकडून, म्हणजे आजच्या इस्तंबूलकडून आली. गावाला या वादाशी फारसं देणंघेणं नाही. नव्या घरालाही नक्षी करून घेतात. शरद ऋतूत याच सज्जांवर छोट्या टोमॅटोंच्या लाल माळा वाळत लटकतात. त्या हिवाळ्याच्या बेगमीच्या. पर्यटक फोटो काढतात ते बहुधा याच दिवसांत.

आपल्या बाजारातली ‘मस्तकी’

आता पहिल्या बरणीकडे. ती अस्सल ‘असेल तर’ असं म्हटलं त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात सिंध, बलुचिस्तान आणि काबूलकडच्या पिस्त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडांची राळ हिंदुस्थानच्या बाजारात ‘मुस्तगी रूमी’ म्हणून विकली जाई. हाच माल युरोपात पोचला की तिकडचे व्यापारी त्याला ‘बॉम्बे मस्तकी’ म्हणत, कारण तो मुंबई बंदरातून जाई. म्हणजे एकाच राळेला इथे रूमचं, म्हणजे रोमचं नाव आणि तिथे मुंबईचं. झाड दोन्हीकडचं नाही.

घेताना काय पाहावं? ताजी अस्सल मस्तकी फिकी, जवळपास काचेसारखी असते; जुनी होत जाईल तशी पिवळी पडते. चावली की फुटते आणि लगेच एकजीव होऊन मऊ, पांढरी होते. शेवटपर्यंत भुगाच राहिली किंवा विरघळून गेली, तर ती मस्तकी नव्हे. पदार्थात घालायची तर चिमूटभर साखरेबरोबर कुटावी, नुसती कुटली तर खलबत्त्याला चिकटून बसते. ग्रीक लोक ईस्टरच्या गोड पावात घालतात, तुर्क आणि अरब आइस्क्रीममध्ये. खिओसला उन्हाळ्यात थंड पाण्याच्या पेल्यात मस्तकीच्या पांढऱ्या पाकाचा चमचा बुडवून देतात. पाक चाटायचा, वर पाणी प्यायचं. या पेयाला गमतीने ‘पाणबुडी’ म्हणतात.

सध्या

सगळ्यात मोठा धोका आगीचा. ऑगस्ट २०१२ मध्ये दक्षिण खिओसवर मोठा वणवा पेटला आणि मस्तकीच्या हजारो झाडांची राख झाली. २०१६ मध्ये पुन्हा. गहू जळाला तर पुढच्या वर्षी पेरता येतो. मस्तकी जळाली तर पाच-सहा वर्षं उत्पन्न शून्य आणि पूर्ववत व्हायला दीड दशक. साठीच्या शेतकऱ्याने नवी फांदी लावायची ती कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रश्न माणसांचा. मुलं अथेन्सला जातात, परदेशात जातात. मधल्या काळात ग्रीसवर कर्जाचं संकट आलं, शहरातल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा काही तरुण परत येऊन आजोबांच्या बागा सांभाळू लागले. एका संकटाने दुसऱ्यावर उतारा दिला म्हणायचा.

जायचं असेल तर अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट मिळते, विमानही आहे. चेश्मेहून तर बोटीने तासाच्या आत पोचता येतं. खिओस शहरापासून पिर्गी पंचवीसेक किलोमीटर, बस जाते. गावाजवळच २०१६ पासून मस्तकीचं छान संग्रहालय आहे, त्याच्या आवारात बागही आहे. चिरा मारताना पाहायच्या तर जुलै-ऑगस्टमध्ये आणि पहाटे. दहा वाजता पोचणाऱ्याला नुसती झाडं दिसतात. बागेत शिरायची परवानगी मिळाली तरी झाडाखालच्या पांढऱ्या वर्तुळात पाय ठेवू नये. तिथे शेतकऱ्याचं वर्षभराचं उत्पन्न वाळत असतं.